शाळेच्या भिंतीवर थोडी मोकळी जागा राहू द्या

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्यातील शाळांच्या रंगरंगोटीची बातमी छायाचित्रांसह प्रसिद्ध झाली. लोकवर्गणी, ग्रामपंचायतीचा निधी आणि ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानाच्या निमित्ताने लागलेली चुरस यांमुळे, ज्या भिंतींना वर्षानुवर्षे चुन्याचा हातही लागत नव्हता त्यांना आता रंग लागतो आहे. तीस वर्षे चित्रकला शिकवलेल्या माणसाला याचा आनंद न झाला तरच नवल. तरीही त्या बातमीतील एक छायाचित्र पाहून हे पत्र लिहावेसे वाटले. ते पहिलीच्या वर्गाचे होते. फळ्याच्या डाव्या अंगाला बाराखडी, उजव्या अंगाला सूर्यमाला, वर तीन सुविचार, खाली दोनपासून दहापर्यंतचे पाढे, खिडकीच्या चौकटीभोवती फुलपाखरे, दारावर इंद्रधनुष्य आणि उरलेल्या जागेत मोर, वाघ व अंतराळवीर. सगळे लखलखीत ऑइल पेंटमध्ये. या साऱ्याच्या मधोमध फळा होता, आणि छायाचित्रात सर्वांत शेवटी दिसला तो फळाच.

चित्रकाराजवळ रंगाचे डबे कितीही असोत, त्याची खरी भिस्त दोन गोष्टींवर असते: एक जागा, जिला आम्ही कलेच्या वर्गात अवकाश म्हणतो, आणि दुसरा रंग. पाहणाऱ्याची नजर आधी कोठे पडावी, तेथे किती वेळ टिकावी, मग कोणत्या वाटेने पुढे सरकावी आणि कोठे विसावावी हे तो या दोहोंच्या बळावर ठरवतो, आणि पाहणाऱ्याला मात्र आपण आपल्याच मर्जीने पाहतो आहोत असे वाटत राहते. आमच्या शाळांच्या भिंतींवर चित्रे पुष्कळ झाली आहेत. नजरेची ही व्यवस्था मात्र कोणी लावलेली नाही.

यात पेंटरचा दोष मी धरत नाही. फ्लेक्सचे फलक आल्यापासून दुकानाच्या पाट्या आणि भिंतीवरच्या जाहिराती रंगवणाऱ्या कितीतरी जणांचे काम गेले. शाळांच्या भिंतींनी त्यांतल्या काहींच्या हाती पुन्हा ब्रश दिला, हे चांगलेच झाले. परंतु मजुरी ठरते ती चौरस फुटावर किंवा चित्रागणिक. ज्या जागेत काहीच काढले नाही तिचे पैसे कोण देणार? वर्गणी देणाऱ्या गावकऱ्यालाही भिंत भरलेली दिसली तरच पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पंगतीत पान रिकामे दिसू नये, हा आपला संस्कार आपण भिंतीलाही लावला आहे.

या विषयावर बोलायला आम्हा वाशीम जिल्ह्याच्या लोकांना फार दूर जाण्याचे कारण नाही. वाकाटकांच्या ज्या शाखेतील हरिषेण राजाच्या काळात, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची कित्येक लेणी खोदली आणि रंगवली गेली, त्या शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम. सोळाव्या क्रमांकाचे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवून घेतल्याची नोंद तेथील शिलालेखातच आहे. त्या भिंतींचा गिलावाही आपल्या ओळखीचा आहे: माती, साळीचा कोंडा, गवताचे तंतू आणि त्यावर चुन्याचा पातळ हात. कुडाच्या घरात वाढलेल्या माणसाला तो कसा केला असेल हे समजावून सांगावे लागत नाही. रंगही मोजकेच. गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरा आणि हिरवी माती एवढ्यावर बहुतेक काम भागले. निळा तेवढा लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानातील बदख्शानच्या बाजूने आलेला, आणि म्हणून जपून वापरलेला.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात गाभाऱ्याकडे जाताना डाव्या हाताला पद्मपाणी, म्हणजे हाती कमळ घेतलेला बोधिसत्त्व, आहे. त्याच्या भोवती माणसे, माकडे, मोर, झाडे आणि खडक यांची अक्षरशः दाटी आहे, आणि वरचे छत तर फळाफुलांच्या नक्षीने गच्च भरलेले आहे. तेव्हा कोणी म्हणेल, अजिंठ्यात तरी मोकळी जागा कोठे आहे? ती आहे, कोऱ्या भिंतीचे काम तेथे गडद छटांनी केले आहे. भोवतालची दाटी तपकिरी आणि हिरव्या रंगांत दबून मागे राहिली आहे, आकारानेही लहान आहे, आणि तिच्यातून एकच देह उजळत पुढे येतो. नाकाच्या कण्यावर आणि ओठांवर उजेडाचे हलके स्पर्श ठेवल्यामुळे सपाट गिलाव्यावरचा तो चेहरा गोलाई धरतो. पापण्या झुकलेल्या आहेत. मी तीन-चार वेळा मुलांची सहल तेथे नेली. गाडीत भेंड्या खेळून घसा बसलेली पोरे त्या चित्रासमोर आली की कुजबुजत बोलू लागत. (याचे थोडे श्रेय अंधाराला आणि थोडे दारावरच्या रखवालदाराला द्यावे लागेल, हे मान्य.) तेथील खांबावर कोरलेल्या हरिणांचे छायाचित्र काढण्यासाठी धडपडणारा एक मुलगा पद्मपाणीसमोर मात्र मोबाइल खाली धरून उभा राहिला होता, हे मला अजून आठवते.

सतराव्या लेण्यात आणखी एक युक्ती आहे. विश्वंतर जातकाच्या, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेच्या, चित्रात तोच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा भेटतो: महालात, नगराबाहेर जाताना, वनात. मध्ये चौकटी आखलेल्या नाहीत. एखादा खांब, एखादे दार किंवा झाड आले की पाहणाऱ्याला प्रसंग बदलल्याचे कळते आणि तो चालत चालत गोष्ट पाहतो. आमच्या प्रत्येक शाळेला लांबलचक व्हरांडा आहे आणि ठरावीक अंतरावर खांबही आहेत. त्या व्हरांड्यात मुलांनी चालत वाचावी अशी एकच गोष्ट का रंगवू नये? आज तेथे ओळीने थोर पुरुषांच्या तसबिरी असतात, सगळ्या एकाच मापाच्या आणि सगळ्या एकाच उंचीवर. त्यामुळे त्यांतल्या एकाशीही मुलाची दृष्टभेट होत नाही.

उंचीचा मुद्दा निघालाच आहे तर तो पूर्ण करतो. इटलीतील फ्लॉरेन्स शहरात, सांता मारिया नोव्हेला या चर्चमध्ये, मासाच्चो नावाच्या तरुण चित्रकाराने १४२७ च्या सुमारास ‘ट्रिनिटी’ हे भित्तिचित्र काढले. सपाट भिंतीत खोल दालन कोरून त्यावर कमानदार छत घातले आहे असा भास त्यात होतो. छताच्या रेषा जेथे जाऊन मिळतात तो बिंदू खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला येतो. म्हणजे भिंतीवर पहिली रेघ मारण्यापूर्वी चित्रकाराने पाहणाऱ्याची उंची हिशेबात धरली होती. आमच्याकडे पहिलीतल्या मुलाची उंची कोणी धरली? सहा वर्षांच्या मुलाचे डोळे उभ्याने जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असतात आणि ते टाटपट्टीवर बसले की दोन फुटांपर्यंत खाली येतात. बाराखडी मात्र सहा फुटांवर, कारण पेंटर उभ्याने रंगवतो आणि उद्घाटनाला आलेले पाहुणे उभ्याने पाहतात. मुलाच्या डोळ्यांसमोर जो भाग येतो तेथे मळ दिसू नये म्हणून लावलेला मरून पट्टा असतो, ज्याला कारागीर डाडो म्हणतात.

नोकरीची पहिली काही वर्षे मी गडचिरोली जिल्ह्यातील वडसा भागात काढली. तिकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांत रस्त्याचा रंगवलेला पडदा असतो: दोन्ही बाजूंना घरे आणि मधून निमुळता होत गेलेला रस्ता. समोर मध्यावर बसून पाहिला की तो रस्ता कोसभर लांब वाटे. पण एखादा नवशिका नट संवादाच्या भरात मागे सरकत पडद्याला टेकला की त्याचे डोके शेवटच्या घराच्या माडीच्या वर जाई आणि कोसभराचा रस्ता एका क्षणात कापडाचा होई. अनुभवी नट पडद्यापासून चार पावले पुढेच राहत. कडेला बसलेल्यांना मात्र तो रस्ता रात्रभर तिरपाच दिसे, कारण अशा चित्राला एकच जागा मान्य असते आणि ती जागा मधल्यांनी धरलेली असे.

याच कारणाने आगगाडीसारखी रंगवलेली शाळा मला मनापासून आवडते. थट्टा करणाऱ्यांनी खुशाल करावी. डब्याची बाजू मुळात सपाट आणि शाळेची भिंतही सपाट. वर्गाचे दार तेच डब्याचे दार, वर्गाची खिडकी तीच डब्याची खिडकी. तिला खोलीचा भास निर्माण करायचाच नाही, म्हणून मैदानात कोठूनही पाहा, गाडी ही गाडीच राहते आणि मुले दारातून आत शिरतात तेव्हा खरोखर डब्यात चढतात. ही कल्पना ज्या कोणाला प्रथम सुचली त्याला भिंत कळली होती. त्याच इमारतीच्या शेजारच्या भिंतीवर धबधबा, डोंगर आणि दूर जाणारी वाट काढली की ते चित्र एकाच जागेवरून खरे वाटते, आणि ती जागा बहुधा मुतारीच्या वाटेवर असते.

रंगाचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि येथे मी माझीच चूक सांगतो. नोकरीत नवा असताना उत्साहाच्या भरात एका वर्गाची बाजूची भिंत मी संपूर्ण गडद लाल ऑइल पेंटने रंगवली आणि तिच्यावर पांढऱ्या रेषांत शेतकाम करणारी माणसे काढली. पाहुण्यांनी कौतुक केले, माझा फोटोही निघाला. पुढे उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली. नऊच्या सुमारास ऊन खिडकीतून त्या भिंतीवर पडे आणि तिची लाली शेजारच्या रांगेतील वह्यांच्या पानांवर उतरे. त्या रांगेतील मुले डोळे चोळत बसत आणि मी त्यांना झोपाळू म्हणून रागवत असे. महिनाभराने पाचवीतील एक मुलगी उठून म्हणाली, “सर, ह्या भितीकडं पाहून मंग तिकडं पाहलं का, ते पांढरी भीत हिरवी दिसते.” वर्ग हसला. मला हसू आले नाही. तिने जे डोळ्यांनी टिपले होते तेच मी परीक्षेपुरते पाठ केले होते, आणि भिंत रंगवताना विसरलो होतो. लाल रंग फार वेळ पाहिल्यावर डोळ्यांतील त्या रंगाची संवेदना थकते आणि नजर पांढऱ्यावर गेली की त्याचा विरोधी, हिरवट रंग दिसू लागतो. दिवाळीच्या सुट्टीत मी ती भिंत स्वतः घासून फिकट केली. घासताना लाल रंग नखांत गेला तो आठवडाभर निघाला नाही.

रंग शेजाऱ्याच्या संगतीने बदलतो, ही गोष्ट शास्त्रात प्रथम नीट मांडली ती एका रसायनशास्त्रज्ञाने. फ्रान्समधील गोबलँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेल्या शेव्रल यांच्याकडे काळा धागा फिका उतरतो अशी तक्रार आली. त्यांनी तपासले तर धाग्यात खोट नव्हती. शेजारी निळे आणि जांभळे धागे विणले गेल्यामुळे काळा डोळ्यालाच फिका दिसत होता. १८३९ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे फ्रान्समधील चित्रकारांनी त्याचा भरपूर उपयोग केला. आपल्याकडे लुगड्याला ब्लाऊजपीस जुळवताना बाया तो दुकानाबाहेर उजेडात आणतात आणि लुगड्यावर टाकूनच पाहतात. शेव्रल यांचा ग्रंथ त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची गरज पडलेली नाही. फाल्गुनातला पळस पाहा. सागाची पाने झडलेली असतात, गवत वाळून करडे झालेले असते, आणि त्या करड्या रानात एका उतारावर दोन झाडे पेटलेली दिसतात. सारे रानच केशरी असते तर बसमधून कोणी मान वळवून पाहिले नसते. आमच्या वर्गात मात्र प्रत्येक चित्र पळस होऊ पाहते.

अंतराचा भासही रंगच निर्माण करतात. अकोल्याहून अकोटकडे जाताना सातपुडा आधी फिकट निळा दिसतो आणि जवळ जाता जाता हिरवा-तपकिरी होतो, कारण मधले हवेचे थर कमी होतात. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत हे बारकाईने लिहून ठेवले आहे. निळा मागे सरतो, लाल-नारिंगी पुढे येतो, हा नियम एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या आमच्या मुलांना ठाऊक असतो. मग चाळीस मुले दाटीवाटीने बसणाऱ्या लहानशा खोलीच्या चारही भिंतींना नारिंगी रंग देऊन ती खोली आणखी लहान कशासाठी करायची? त्यातून आपल्याकडचे ऊन. मार्चपासून पारा चढू लागतो आणि मे महिन्यात तो पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. बाहेरून आत आलेल्या मुलाचे डोळे आधीच दिपलेले असतात. त्याच्यासमोर तुळतुळीत ऑइल पेंटची भिंत चमकत असेल तर तिच्यावरचे अक्षर तिरकस बसलेल्या मुलाला दिसतच नाही, नुसता कवडसा दिसतो. जुन्या पिढीने चुन्यात चिमूटभर नीळ टाकून भिंती रंगवल्या त्या गरिबीमुळे, हे खरे; पण त्या भिंती डोळ्यांना निवांत वाटत, हेही खरे.

हे केवळ आवडीनिवडीचे बोलणे नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवर्गातील २४ मुलांना विज्ञानाचे सहा पाठ शिकवले. काही पाठ भरपूर सजवलेल्या वर्गात आणि काही साध्या भिंतींच्या वर्गात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साध्या वर्गात शिकवलेल्या पाठांवरील प्रश्नांची ५५ टक्के उत्तरे बरोबर आली, सजवलेल्या वर्गात ४२ टक्के. चोवीस मुले ही संख्या थोडी आहे आणि ते वर्ग आपल्यासारखेही नाहीत, म्हणून त्यावरून कोणी परिपत्रक काढू नये. पण फळ्याभोवती वाघ रंगवण्यापूर्वी ते आकडे एकदा डोळ्यांखालून घालायला हरकत नाही.

रिकाम्या जागेची भीती वाटणाऱ्यांना दोन चित्रकारांची आठवण द्यावीशी वाटते, आणि दोघांचेही नागपूरशी नाते आहे. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ सालचा, नागपूरचा. रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून ते रंगाचे पातळ थर चढवत, काढत, पुन्हा चढवत. त्यांच्या उभ्या कॅनव्हासवर ओळखू येईल असे काहीच नसते. एका रंगाच्या धुकट छटा आणि त्यांत कोठेतरी तरंगणारे काही आकार. पहिल्यांदा पाहणारा ‘यात काय आहे’ असे विचारून पुढे जाऊ लागतो आणि पुष्कळदा चार पावले गेल्यावर परत येतो. दुसरे सय्यद हैदर रझा. त्यांचा जन्म १९२२ साली आजच्या मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यातला. त्यांचे कलेचे सुरुवातीचे शिक्षण नागपूरला झाले. लहानपणी त्यांचे अभ्यासात लक्ष लागत नसे. तेव्हा प्राथमिक शाळेतील त्यांच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले, ही आठवण रझा स्वतः सांगत. पुढे पॅरिसमध्ये कित्येक वर्षे काढल्यावर त्यांच्या चित्रांत जो काळा बिंदू आला आणि अखेरपर्यंत राहिला, त्याचा माग ते त्या भिंतीपर्यंत नेत. तीही आपल्यासारखीच खेड्यातल्या शाळेची भिंत होती. तिच्यावर त्या दिवशी सूर्यमाला आणि सुविचार असते तर तो ठिपका गुरुजींनी कोठे काढला असता?

माझी विनंती साधी आहे. ज्या भिंतीवर फळा आहे ती एकाच फिकट, चमक नसलेल्या रंगात ठेवावी आणि तिच्यावर काहीही काढू नये. बाराखडी आणि पाढे मागच्या किंवा बाजूच्या भिंतीवर, बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला घ्यावेत, म्हणजे त्यावर बोटही फिरवता येईल. बोटांनी रंग मळला तर दोन वर्षांनी पुन्हा लावता येतो. ऑइल पेंट बाहेरच्या भिंतीला आणि डाडोला ठेवावा. आगगाडी असावीच. आणि पेंटरला मजुरी देताना मोकळी ठेवलेली जागाही चौरस फुटांत मोजावी, कारण ती सोडायलाही त्याला विचार करावा लागणार आहे.

आमच्या गावच्या शाळेच्या दोन खोल्या अजून रंगवायच्या राहिल्या आहेत आणि शाळा व्यवस्थापन समितीची बैठक पुढच्या शनिवारी आहे. मी बैठकीला जाणार आहे. समितीने मान्य केले तर रंग कालवून द्यायला मी तयार आहे. शिडी तेवढी शाळेने आणावी, माझी मोडली आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त चित्रकला शिक्षक
ता. रिसोड, जि. वाशीम